आबांची डबल बेल

गाडीच्या टपावर दोनदा ठकठक झाल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही. गाडी माझी, लायसन्स माझं, पेट्रोल माझं, आणि तरी मी स्टिअरिंगवर हात ठेवून गपचूप बसून राहते. मागच्या सीटवर आबा घाडगे असतात. ते आधी दारं तपासतात, मग डावीकडचा कुत्रा, मग उजवीकडचा कुत्रा. मग मागच्या काचेतून एकदा बाहेर डोकावतात, न जाणो कुणी धावत येत असेल. एवढं सगळं झालं की हात वर करून टपाला आतून दोन टोले. ठक ठक. "जाऊ द्या!"

एकदा मी घाईत तशीच निघाले, तर मागून एकच टोला बसला. एक टोला म्हणजे थांबा. मी थांबले.

"डायव्हर, बेल झाली नव्हती," आबा म्हणाले.

ऑफिसात मी एका टीमची मॅनेजर आहे हो. माझ्यापुढे भलेभले सॉरी म्हणतात. पण त्या दिवशी सॉरी मीच म्हणाले.

आबा म्हणजे आमच्या शेजारच्या नितीनचे वडील. सगळी नोकरी कराड डेपोत, एसटीचे कंडक्टर. काकू गेल्या आणि नितीनने त्यांना इकडे ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात आणलं. नितीन आयटीत, त्याची बायको पल्लवी सरकारी खात्यात. दोघं सकाळी जातात ती संध्याकाळी उगवतात. कधी समारंभात ओळख करून द्यायची वेळ आली की पल्लवी म्हणायची, "आबा ट्रान्सपोर्टमध्ये होते." की लगेच आबा दुरुस्ती करणार, "ट्रान्सपोर्टात न्हाय पोरी, कंडक्टर. ट्रान्सपोर्टात म्हणलं तर लोकांला वाटंल ट्रका हायत माझ्या." पल्लवीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

घरात तर अजून गंमत. जेवताना आबा तोंडाने "बास" म्हणत नाहीत. पल्लवी आमटी वाढत असली की टेबलावर एक टोला. थांबली नाही तर दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. आणि सगळ्यांची पानं वाढून झाली की डबल बेल, मग जेवायला सुरुवात. "स्मिता, मी कधीतरी वेडी होणार आहे," पल्लवी मला कुंपणावरून सांगायची. "काल मीटिंगमध्ये मी टेबलावर एक टोला मारला गं! समोरचा बोलता बोलता थांबला, म्हणून वाचले."

तर हे आबा माझ्या गाडीत कसे आले, ते सांगते.

आमची एक संस्था आहे, बेवारशी कुत्र्यामांजरांना घरं मिळवून देणारी. इकडे आडगावच्या काउन्सिलचे कोंडवाडे असतात. हरवलेली, सोडून दिलेली कुत्री तिथे येतात. पण आडगावात त्यांना घरं कुठली मिळायला? घरं सिडनीत. मग आम्ही व्हॉलंटिअर ड्रायव्हर त्यांना टप्प्याटप्प्याने पोचवतो. माझा टप्पा यास नावाच्या गावाच्या पुढच्या एका खेड्यापासून गोलबर्न शहरापर्यंत. गोलबर्नला सिमेंटचा एक अवाढव्य मेंढा उभा आहे, दुमजली घराहून उंच. त्याच्या बाजूच्या कार पार्कमध्ये सिडनीहून मॉरीन येते आणि कुत्री तिच्या गाडीत चढवली की माझं काम संपतं. मला प्राण्यांचं फार प्रेम आहे अशातला भाग नाही. एका बार्बेक्यूत कुणीतरी विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

थंडीतली शनिवारची सकाळ. मी काचेवरचं बर्फ खरवडत होते. आबा माकडटोपी घालून फुटपाथवर उभे. इतक्या सकाळी उठून तिथे त्यांचं काय काम होतं, ते त्यांनाच ठाऊक.

"कुठं निघालात?"

मी सगळं सांगितलं.

"आन् जाताना गाडी रिकामीच?"

"रिकामीच."

आबांच्या चेहऱ्यावर अशी काही कळ उठली की मलाच गुन्हा केल्यासारखं वाटलं. "रिकामी न्यायची न्हाय गाडी," असं म्हणत ते मागचं दार उघडून बसले. मी म्हटलं, आबा, पुढे बसा. तर म्हणाले, "पुढं डायव्हर बसतो. आमची जागा मागं, पाशिंजरात."

ती पहिली फेरी मी जन्मात विसरणार नाही. कोंडवाड्यातून दोन कुत्री घेतली. एक केल्पी, म्हणजे इथला मेंढ्या हाकणारा कुत्रा, आणि एक पांढरं झिपरं. मी पिंजरा उघडायला लागले तर आबा आडवे आले. "पार्सल पिंजऱ्यात. पाशिंजर शिटावर." बरं म्हटलं, पट्ट्याला अडकवून सीटवर बसवली दोघांना. यासच्या पेट्रोल पंपावर थांबलो. मी बाथरूमला गेले. परत येते तर काय! आबांनी कुत्र्यांचे पट्टे सोडलेले, गाडीची दारं सताड उघडलेली आणि स्वतः बाहेर उभं राहून ओरडतायत, "दहा मिंटं थांबंल गाडी! चहापाणी उरकून घ्या!"

झालं! पाशिंजर उतरले.

झिपरं पायरीवर सॉसेज रोल खात बसलेल्या एका बाईच्या मांडीवर सापडलं. केल्पी मिळेना. आता संस्थेला काय तोंड दाखवू? शेवटी दिसला. पलीकडे मेंढ्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता आणि हा पठ्ठ्या त्याच्यासमोर बसून एकेका मेंढीवर नजर ठेवत होता. ट्रकवाला हसत हसत त्याला घेऊन आला. "युवर्स, मेट?"

"व्हय," आबा म्हणाले. "ड्युटीवर गेला व्हता जरा."

मी रागाने लाल झाले होते. पण मेंढा येईपर्यंत मागून आवाज येत राहिला. "पाव्हणं, सरका जरा. आवो आक्का, पाय आत घ्या. वळण हाय म्होरं." आणि इतर वेळी गाडीत रडून आभाळ डोक्यावर घेणारी कुत्री चिडीचूप. पुढच्या शनिवारी मी काच खरवडायला बाहेर आले तर आबा आधीच गाडीपाशी तयार. हातात डबा. त्यात पाशिंजरांसाठी भाकरीचे तुकडे.

संस्थेने सगळ्या व्हॉलंटिअरांना जांभळे टी-शर्ट दिले आहेत. आबांनी तो हातात धरून उलटासुलटा बघितला आणि मला परत दिला. मग कामगारांचे कपडे मिळतात त्या दुकानातून नितीनकडून खाकी शर्ट आणवला. कराडहून येताना तिकिटाचा जुना पंच पिशवीतून आणला होता, तो खिशात. कुत्रं फार हलायला लागलं की आबा पंच वाजवतात, कट्ट कट्ट. मॉरीनने ते पाहिलं आणि तिचा असा समज झाला की आबा क्लिकर ट्रेनर आहेत. इकडे म्हणे कुत्र्यांना अशाच टिकटिक आवाजावर शिकवतात. तिने संस्थेत सांगितलं, तिथून लोकांचे मेसेज सुरू झाले. आमच्या लॅब्राडोरला शिकवाल का, आमचा बीगल ऐकत नाही. आबांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते संकोचून म्हणाले, "आवो, मी काय शिकिवलं? नुसतं पुढं सरका म्हणलं."

मॉरीन मात्र आबांना गुरूच मानते. पासष्टीची ठणठणीत बाई. कुत्री तिच्या गाडीत बसली की आबा तिच्या डिकीवर दोन थापा देणार, तेव्हाच ती निघणार. एकदा एक कुत्रा नीट बांधलेला नव्हता, म्हणून आबांनी धावत जाऊन एकच थाप मारली. तेव्हापासून तिला तीही बेल कळते.

हायवेवरून जाताना आबांचं एक गाऱ्हाणं कायम असतं. शेजारून एकेक गाडी जाते, आत एकच माणूस. "बघा, बघा! चार शिटा मोकळ्या घिऊन पळतंय. आमच्या डेपो म्यानेजरनं फाडून खाल्ला असता!" आणि गुंगालिनची लाइट रेल म्हणजे तर त्यांच्या दृष्टीने अनर्थच. रोज दुपारी ते स्टॉपवर जाऊन बसतात आणि प्रत्येक ट्राम सुटताना खांबावर डबल बेल देतात. ट्राम काय, आपली आपण निघते. "बिनकंडक्टरची गाडी," ते म्हणतात. "कुणी मागं राह्यलं तर बघायचं कुणी?"

मी हसायचे. म्हातारपणी माणसाला एकेक वेड लागतं, त्यातलंच हे, असं म्हणायचे. ट्रेव्हर भेटेपर्यंत.

त्या दिवशी कोंडवाड्यात आम्हाला दोनच कुत्री घ्यायची होती. ती घेऊन निघालो, तर शेवटच्या जाळीआड एक म्हातारा कुत्रा उभा. तपकिरी, तोंडावर पांढरं, एका डोळ्यात फूल पडलेलं. भुंकत नव्हता, नुसता उभा होता.

"हे पाव्हणं कुठं उतरायचं?" आबांनी विचारलं.

मी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, याचं नाव ट्रेव्हर. मालकाला वृद्धाश्रमात ठेवलं, तिथे कुत्रा चालत नाही, घरच्या कुणाला नको. वय झालंय, त्यामुळे विचारायलाही कुणी येत नाही. हा कुठेच जायचा नाहीये.

आबांना मी मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "न्हाय कसा? स्टँडावर उभा हाय म्हंजे कुठंतरी जायचं असणारच."

"आबा, याचं बुकिंग नाही. संस्थेकडे जागा नाही."

"आमच्यात हाय."

आमच्यात म्हणजे पल्लवीच्या घरात! पल्लवी, जिने पांढऱ्या कार्पेटसाठी सगळ्या कॅनबेराला पायातलं दारात काढायला लावलं! मी आबांना समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. आबा जाळीपाशीच उभे. मग आमच्या कोऑर्डिनेटरला फोन केला. ती म्हणाली, सिडनीतल्या आमच्या केनेल्समध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या निवाऱ्यात, जागा झाली की हलवू, तोपर्यंत कुणी ठेवत असेल तर ठेवा. ट्रेव्हरराव आबांच्या मांडीवर डोकं ठेवून गुंगालिनला आले. वाटेत त्यांची अदब अशी, की आबा त्यांना अहो-जाहो करत होते.

पल्लवीने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण बाई मनाने वाईट नाही. लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, राहू दे म्हणाली, लाँड्रीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि केनेलमध्ये जागा झाली की त्याच दिवशी गेला पाहिजे. आबांनी मान डोलावली.

आणि मग शेजारच्या घरातून मला आवाज यायला लागला.

मी आठवड्यातून काही दिवस घरून काम करते. आजवर दिवसभर त्या घरातून कधी हूं की चूं ऐकू आलं नव्हतं. एका दुपारी कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून आबा बोलत होते. "...तर मंगल म्हणायची, तुमी एसटीतच ऱ्हावा, घरी कशाला येता? आन् मी आलो न्हाय की जेवायची बी न्हाय. ऐकता न्हवं, ट्रेव्हरराव?" मग एसटीतल्या गमती, मग काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी, मग नितीनच्या शाळेतला एक किस्सा. थांबायचं नाव नाही. एवढं सगळं हा माणूस पोटात घेऊन महिनोन्महिने त्या घरात गप्प बसला होता. चिमटे हातात धरून मी तशीच उभी राहिले.

मी म्हटलं त्यांना, "आबा, पल्लवीला विचारा ना, ठेवूया का म्हणून."

"न्हाय. घर तिचं हाय. तिनं मलाच किती मायेनं ठिवलंय. अजून एक म्हातारं कुठं तिच्या गळ्यात घालू?" मग जरा हसले. "आन् कंडक्टरनं पाशिंजरात जीव गुतवायचा नसतो. त्येचा स्टॉप आला की त्येनं उतरायचं."

"आणि कंडक्टरचा स्टॉप?"

"त्येला कुठला स्टॉप? गाडी जाईल तिकडं त्यो."

केनेलमध्ये जागा झाल्याचा मेसेज आला. शनिवारी ट्रेव्हरला मॉरीनकडे द्यायचं ठरलं. तिथून त्याला घर मिळण्याची काही आशा? कोऑर्डिनेटर स्पष्टच म्हणाली, या वयाच्या कुत्र्याला केनेलमध्येच राहावं लागतं बहुतेक.

शनिवारी सकाळी मी काच खरवडत होते. आबा आले, खाकी शर्टात, ट्रेव्हरला घेऊन. आणि त्यांच्या मागून पल्लवी.

"मी पण येते," ती म्हणाली. का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या सीटवर त्या दिवशी एक मांजर होती टोपलीत. तीही सिडनीला जायची होती. आबांच्या हिशेबात ती लेडीज सीट. त्यामुळे पल्लवी मागे बसली आणि मध्ये ट्रेव्हर. रस्ताभर धुकं होतं. आरशात मी बघत होते. अर्धा रस्ता मागे पडेपर्यंत पल्लवी दाराला चिकटून अंग चोरून बसली होती. मग ट्रेव्हरने आपलं जड डोकं खुशाल तिच्या मांडीवर टाकलं. तिची पँट लाळेने ओली झाली. आता ओरडते, मी म्हटलं. पण ती नुसती खाली बघत राहिली. आबा खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी "वळण हाय" नाही की "पाय आत घ्या" नाही. रिकाम्या गाड्यांबद्दलही अवाक्षर नाही.

मेंढ्यापाशी मॉरीन वाट बघत होती. मांजर चढली. ट्रेव्हरला आबांनी स्वतः उचलून बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला. काकूंची एक जुनी शाल आणली होती पिशवीतून, ती त्याच्या खाली घातली. डब्यातली सगळी भाकरी त्याच्यासमोर ठेवली. "पाव्हणं, संबाळून," एवढंच म्हणाले आणि दार लावलं.

मग ते डिकीपाशी गेले आणि हात वर केला.

हात वरच राहिला. मॉरीन आरशातून त्यांच्याकडे बघत होती, बेलची वाट बघत. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. मला बघवेना. किती वेळ गेला कोण जाणे. पण आबा पडले जुन्या शिस्तीचे. गाडीचा टाइम झाला होता.

ठक ठक.

मॉरीनची गाडी हलली आणि कार पार्कच्या तोंडाकडे निघाली. आबा पाठमोरे झाले, मफलरने तोंड पुसायला लागले.

तेवढ्यात माझ्या शेजारून पल्लवी सुटली. पांढरे कॅनव्हासचे बूट, लाळेने भरलेली पँट, अशी ती त्या मेंढ्याच्या पायांसमोरून धावत गेली आणि धावता धावता मॉरीनच्या डिकीवर तिने एक थाप मारली. एकच. पण अशी की आबांनी वळून बघितलं.

मॉरीनने करकचून ब्रेक लावला. काच खाली करून म्हणाली, "एव्हरीथिंग ओके, लव्ह?"

"वन पॅसेंजर गेटिंग ऑफ," पल्लवी धापा टाकत म्हणाली. "सॉरी. ही लिव्ह्ज विथ अस."

मॉरीनने एकदा तिच्याकडे, एकदा लांब उभ्या असलेल्या आबांकडे बघितलं. "नो वरीज," म्हणाली. मग चष्मा काढून पुसत बसली.

पल्लवीने ट्रेव्हरला शालीसकट उतरवला आणि आबांसमोर आणून उभा केला. ती रडत होती आणि भांडतही होती. "एकदासुद्धा मला विचारलं नाहीत, आबा! एकदा विचारायचं तरी!"

"तू नगं म्हणली असतीस," आबा पुटपुटले.

"म्हणाले असते! मग दुसऱ्यांदा विचारायचं! घरी बोलायला लागला होतात तुम्ही. ऑफिसातून आले की मी वरच्या खोलीतून ऐकायचे रोज. ती चटणी, आईंची, ती मला कधी सांगितलीत का? कुत्र्याला सांगता आणि मला नाही!"

आबांनी पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. ट्रेव्हररावांनी तेवढ्यात तिच्या पांढऱ्या बुटाशी एक पाय वर केला. तिने तेही चालवून घेतलं.

परत निघालो. पुढची सीट आता रिकामी होती, पण पल्लवी मागेच बसली. मी दारं लावली, पट्टा बांधला, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि बेलची वाट बघत बसले. बेल होईना. आरशात बघितलं तर आबा ट्रेव्हरच्या मानेत तोंड खुपसून बसलेले, त्यांचे खांदे हलत होते.

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मग मागच्या काचेतून एकदा बाहेर डोकावली, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघितलं आणि हात वर करून टपाला दोन टोले दिले.

मी गाडी सुरू केली.